ताईचं कापून ठेवलेलं बोलणं

तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नाव पडायला कारणही तसंच होतं. घराबाहेर पडली की जिन्याच्या वळणावरून परत फिरायची, कुलूप ओढून बघायची, मग पुढे जायची. आणि रस्त्याला लागल्यावर आपण खरंच ओढून बघितलं का, या विचाराने तिचं चालणं मंदावायचं. गॅस, नळ, खिडकीची कडी, कपाटाची किल्ली, कशाकशावर म्हणून तिचा विश्वास नव्हता. बाकी बाई स्वभावाने गरीब, चेहऱ्याने झोपाळू, आणि मनाने अर्धी इथे तर अर्धी भलतीकडेच. चहा ढवळता ढवळता ती अशी हरवायची की साखर कधीच विरघळलेली असायची, चहा निवलेला असायचा आणि चमचा आपला फिरतच असायचा. एवढ्या तंद्रीत राहणाऱ्या बाईने कुलपांची इतकी काळजी का करावी, असं लोकांना वाटे. लोकांना काय, काहीही वाटतं. आपण कधी कुठे हरवू याचा नेम नाही हे जिला पक्कं ठाऊक असतं, तीच बिचारी परत फिरून कुलूप ओढते.

नोकरीही तिला तंद्रीला साजेशीच मिळाली होती. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ती ध्वनिमुद्रित करणारं एक छोटं ग्रंथालय होतं. एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, चार खोल्या, आणि त्यातली सगळ्यात आतली म्हणजे वाचनाची खोली. तिथे भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा ठोकलेला, खाली सतरंजीवर सतरंजी, मायक्रोफोनपुढे बोलताना उडणारी फुंकर अडवायला तारेच्या कड्यावर ताणून बसवलेला एक बायकी पायमोजा. त्या खोलीत शिरलं की स्वतःच्या रक्ताचा आवाज कानात ऐकू यायचा. नवीन माणूस घाबरायचा. कुलूपबाईला मात्र तिथे पोहोचलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं.

वाचणारा काचेच्या पलीकडे बसायचा आणि अलीकडे कानाला हेडफोन लावून कुलूपबाई. वाचन संपलं की तिचं खरं काम सुरू व्हायचं. कापणं. खोकला काप, पान उलटल्याचा आवाज काप, पाण्याचा घोट काप, चुकून दोनदा वाचलेली ओळ काप. ऐकणाऱ्याच्या कानात फक्त पुस्तक जायला हवं, माणूस नको, असा तिथला नियम होता. कुलूपबाई तो नियम इतक्या निगुतीने पाळायची की तिने कापलेल्या पुस्तकात वाचणाऱ्याने श्वास तरी घेतला होता की नाही, अशी शंका यावी.

वाचणाऱ्यांत सगळ्यांत लाडकी होती तिची ताई. सख्खी थोरली बहीण. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही; धाकटीने लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे दोघी एकत्र राहायच्या आणि सकाळपासून भांडायच्या. ताईचा आवाज असा की किराणा मालाची पावती जरी वाचली असती तरी लोकांनी पुढे काय झालं म्हणून विचारलं असतं. लांबलांबचे लोक फोन करून सांगायचे, त्याच बाईंचं पुस्तक पाठवा, दुसऱ्या कुणाचं नको. पण ताईचा एक मोठा दोष होता. तिला परिच्छेद संपला की गप्प बसवायचं नाही. "हा लेखक वाक्य संपवायला तयार नाही बाई, माझा जीव गेला." "ही खुर्ची कुणी आणली? बसणाऱ्याचा सूड घ्यायचाय का?" "अगं, पाणी दे की, काचेतून बघतेस काय नुसती!" वाचन पाऊण तास आणि त्यात बोलणं पाव तास. कुलूपबाई ते सगळं कापायची आणि वैतागायची. पण फेकायची नाही. ती काहीच फेकत नसे. कापलेलं बोलणं ती एका वेगळ्या जागी ठेवून द्यायची, तिथे वर्षानुवर्षं ते साठत गेलं.

मग ताईच्या घशाला दुखणं झालं. निदान झालं, शस्त्रक्रिया झाली, ताई वाचली. आवाज गेला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, पण ताईला त्याबद्दल कुणी जास्त बोललेलं खपत नाही, म्हणून इथेही तेवढंच. घरी आल्यावर तिने एक छोटी पांढरी पाटी घेतली, तिला दोरी बांधून गळ्यात अडकवली आणि पूर्वीसारखीच भांडायला सुरुवात केली. राग आला की शब्दाखाली रेघ मारायची. फार आला की दोन. हाक मारायची झाली तर टाळी वाजवायची.

तर आता गोष्ट अशी होती. ताईचा वाचनाचा आवाज जगभर पसरलेला होता; शेकडो घरांत, शेकडो उशांशी ती अजून रोज वाचत होती. पण ताईचा बोलण्याचा आवाज, खुर्चीला शिव्या देणारा, पाणी मागणारा, तो कुठेच नव्हता. घरच्या समारंभांचे व्हिडिओ काढायची ती ताईच, आणि नंतर त्यांवर सनई चढवून मूळ आवाज पुसूनही टाकायची. तो आवाज होता फक्त कुलूपबाईने कापून ठेवलेल्या त्या तुकड्यांत. ग्रंथालयाच्या सगळ्या मूळ ध्वनिफितींबरोबर ते तुकडे इंटरनेटवरच्या, दूरच्या एका साठवणीच्या जागी ठेवलेले होते, कुलूपबंद. आणि ते उघडायला अक्षरं-आकड्यांची हातभर लांब किल्ली लागायची.

कुलूपबाई रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात यायची, ती किल्ली लावायची, एक तुकडा उघडायची आणि डोळे मिटून ऐकायची. खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर पसरत जायचं, खाली रस्त्यावर दुकानांची शटरं वर जायची आणि कानात ताई म्हणायची, "या नायिकेला कुणीतरी सांगा गं, रडून काही होत नाही." कुलूपबाई हसायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. हे तिने ताईला कधीच सांगितलं नव्हतं. बोलूनचालून जखमेवर मीठ चोळायचं कशाला, असं तिला वाटे.

एक दिवस ग्रंथालयाच्या मोठ्या मॅडम कुठल्याशा सभेहून पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत परत आल्या. दुसऱ्या एका संस्थेचे सगळे पासवर्ड चोरीला गेले होते म्हणे. त्यांनी विचारलं, "आपले कुठे असतात?" कुलूपबाईने कॉम्प्युटरच्या पडद्यावरची एक फाइल दाखवली. फाइलचं नाव होतं 'यात पासवर्ड नाहीत'. हे नाव तिनेच दिलं होतं आणि तिला ते फार हुशारीचं वाटायचं. मोठ्या मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला आणि इंजिनीअरला फोन लावला.

ही इंजिनीअर कुणी पाहिलेली नव्हती. ती अशा लहानसहान संस्थांना फोनवरून मदत करायची आणि तिच्या मागे नेहमी कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज यायचा. ती म्हणाली, "एक छोटं साधन बसवू या. गुपितांची तिजोरीच समजा. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची, आज्ञा लिहायची, ते काम करतं. सगळ्या किल्ल्या आत, आणि बाहेर फक्त एकच वाक्य, ते तुमच्या डोक्यात."

"माझ्या?" कुलूपबाईने विचारलं.

"तुमचं नाव कुलूपबाई ना? मॅडम म्हणाल्या."

कुलूपबाईने मोठ्या मॅडमकडे बघितलं. मोठ्या मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

काळी खिडकी कुलूपबाईला बघताक्षणी आवडली. एरवीचा कॉम्प्युटर म्हणजे बाजार: इथे दाबा, तिथे दाबा, हे बघितलंत का, ते राहिलं का. या खिडकीत काहीच नव्हतं. नुसता काळोख, आणि त्यात उघडझाप करणारी एक बारीक रेघ. वाचनाच्या खोलीसारखीच शांत. इंजिनीअरने सूचनांचं एक पान पाठवलं होतं आणि बजावलं होतं, "आज्ञा स्वतःच्या मनाने टाइप करू नका. पानावरून उचला आणि खिडकीत डकवा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर गाडं अडेल." कुलूपबाई उचलत गेली, डकवत गेली. काळोखात ओळी उमटत, भराभर वर सरकत आणि दिसेनाशा होत. ती त्या ओळींकडे बघत इतकी रमली की सगळं कधीच थांबलेलं असूनही ती बघतच राहिली.

मग तिने नव्या साधनाला नावाने हाक मारली, तर खिडकी म्हणाली, अशी कुठलीही आज्ञा सापडत नाही.

"कुठे माशी शिंकली?" तिने फोनवर विचारलं.

"कुठे नाही. खिडकी बंद करून परत उघडा. घरात नवीन माणूस आलंय हे तिला अजून कळलेलं नाही."

कळलं. तिजोरी तयार झाली आणि तिने मुख्य वाक्य मागितलं. इंजिनीअर म्हणाली, "हे मात्र डकवायचं नाही, हाताने टाइप करायचं. मला सांगू नका, कुठे लिहू नका. चांगलं लांबलचक असू दे. आणि घाबरू नका, टाइप करताना पडद्यावर काही दिसणार नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. मागून कुणी बघू नये म्हणून. दोनदा विचारेल."

कुलूपबाईने डोळे मिटले. लहानपणच्या घरातलं, उन्हाच्या कवडशांचं आणि धुळीचं एक वाक्य तिला सुचलं. ते कोणतं हे इथे सांगणं बरं नव्हे, बाई अजून तेच वापरते. इंग्रजी अक्षरांत तिने ते टाइप केलं. खिडकीत काहीही उमटलं नाही. अंधारात कुणाच्या तरी कानात सांगावं तसं ते वाक्य आत गेलं. तिने दुसऱ्यांदा सांगितलं. तिजोरी म्हणाली, ठीक.

आता जिन्याच्या वळणावरून परत फिरणारी बाई ती. तिने तिजोरी बंद केली, वाक्य टाइप करून उघडली. पुन्हा बंद केली, कॉम्प्युटरही बंद करून चालू केला, पुन्हा उघडली. उघडत होती. मग तिने एकेक किल्ली आत ठेवली, साठवणीची ती हातभर किल्लीसुद्धा. पानावर शेवटची सूचना होती: जुनी फाइल पुसून टाका, कचऱ्याच्या टोपलीतूनही काढा, कुठेही प्रत ठेवू नका. तिने पुसली. टोपलीही रिकामी केली. जन्मात पहिल्यांदा तिने काहीतरी फेकलं आणि तिला चक्क हलकं वाटलं.

पुढे कित्येक दिवस सगळं झोकात चाललं. सकाळी यायचं, अंधारात वाक्य सांगायचं, किल्ली घ्यायची, ताईला ऐकायचं. उलट आता त्या ऐकण्याला देवघरासारखा एक उंबरठा आला होता.

मग ताईच्या तपासणीसाठी कुलूपबाईने आठवडाभर रजा घेतली. तपासणी नीट पार पडली. परत आली तर तिच्या टेबलावर नवा कोरा कीबोर्ड. दुरुस्तीवाला कॉम्प्युटरचा पंखा साफ करायला आला होता, त्याला जुना बघवला नाही. त्याने तो भंगारात दिला आणि हा बसवला. जुन्याचं झालं होतं असं की त्याच्यावर कधीकाळी चहा सांडला होता आणि 'म'ची, म्हणजे इंग्रजी एमची, कळ मेली होती; मराठीही ती इंग्रजी कळांवरूनच टाइप करायची. कितीही दाबा, म उमटायचा नाही. कुलूपबाईने त्यावर आपली रीत बसवली होती: वाक्य सरळ टाइप करत जायचं, आणि मग मागे येऊन, पडद्यावर बघत, जिथे जिथे भोक पडलंय तिथे दुसरीकडून उचललेला म डकवायचा. उसवलेल्या शिवणीला टाके घालावे तसं. घाईत असली की टाके राहायचे. ताईला फोनवर बोलता येत नाही, म्हणून दोघींचं दिवसभर निरोपांवर चालायचं आणि संध्याकाळी ताईला निरोप यायचा, 'आझं का झालं. ई निघते.' ताई त्यावर काय काय लिहून पाठवायची ते विचारू नका.

नव्या कीबोर्डवर कुलूपबाईने ताईला पहिला निरोप पाठवला, 'मी पोहोचले.' ताईचं लगेच उत्तर आलं, 'अभिनंदन. तुला तुझा “मी” सापडला.'

हसत हसत कुलूपबाईने काळी खिडकी उघडली आणि वाक्य टाइप केलं. तिजोरी म्हणाली, चूक.

तिने पुन्हा केलं. चूक. सावकाश केलं, एकेक बोट मोजल्यासारखं. चूक. दिवसभर, मध्ये मध्ये, कुणी नसताना ती प्रयत्न करत राहिली. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, मध्ये जागा सोडून, न सोडून. तिजोरी दरवेळी त्याच शांतपणे नाही म्हणायची. चिडायची नाही, काही सुचवायची नाही. जी शांतता कुलूपबाईला इतकी आवडली होती तिचीच आता तिला भीती वाटायला लागली.

शेवटी तिने इंजिनीअरला फोन केला. मागे भांडी वाजत होती.

"वाक्य विसरलात का?"

"नाही हो. आठवतंय. स्वच्छ आठवतंय."

"आठवतंय असं सगळ्यांनाच वाटतं. जुनी फाइल?"

"पुसली."

"कचऱ्याच्या टोपलीत?"

"टोपली रिकामी केली. तुम्हीच तसं लिहिलं होतं."

फोनवर क्षणभर भांडीसुद्धा थांबली. "अहो, इतकं नीट कुणी ऐकत नाही हो!" इंजिनीअर कळवळून म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "खोटं सांगत नाही. बाकीचे पासवर्ड बदलून घेता येतील. पण साठवणीची किल्ली त्या तिजोरीतच. ते वाक्य नसेल तर ती मला उघडत नाही, चोराला उघडत नाही, ज्याने बनवली त्यालाही नाही. तिचं कामच ते."

मोठ्या मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, पुस्तकं तर सगळी वाचकांकडे आहेत, मूळ फिती गेल्या तर गेल्या. त्यांना कसं सांगणार? गेलं होतं ते पुस्तकांतून कापलेलं. एका बाईने एवढी वर्षं बहिणीचं बोलणं कात्रीने वेगळं करून जपलं, आणि मग स्वतःच्या हाताने, सूचना तंतोतंत पाळून, ते कायमचं गाडून टाकलं. आणि त्याहून एक आतली भीती होती. आईचंही विसरणं असंच सुरू झालं होतं. आईलाही सगळं स्वच्छ आठवायचं, फक्त ते खरं नसायचं.

कुलूपबाईचं जेवणातलं लक्ष उडालं. ती जिन्याच्या वळणावरून परत फिरेनाशी झाली. यावरून ताईला कळलं की प्रकरण साधं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने धाकटीच्या समोरची कपबशी उचलून बाजूला ठेवली, पाटीवर लिहिलं, 'बोल', आणि खाली रेघ मारली.

कुलूपबाईने सगळं सांगितलं. तुकडे, सकाळचं ऐकणं, तिजोरी, पुसलेली फाइल, सगळं. सांगताना ती टेबलावरच्या एका डागावर बोट फिरवत होती. शेवटी म्हणाली, "तुझा आवाज मी घालवला ताई."

ताईने मार्कर उचलला. मग लिहिलं, 'माझा आवाज होता. आणि मलाच सांगितलं नाहीस?' खाली दोन रेघा.

"तुला त्रास होईल म्हणून."

ताईने पाटी खसाखसा पुसली. 'ते मी ठरवणार ना.' पुन्हा पुसली. मग, जरा लाजल्यासारखं, बारीक अक्षरांत, 'काय बोलते मी त्यात?'

"काय नाही बोलत! त्या जाडजूड कादंबरीच्या नायकाला गाढव म्हणतेस. खुर्चीला काय काय म्हणतेस. एकदा वाचता वाचता शिंकलीस आणि लेखकाची क्षमा मागितलीस."

ताई हसली. तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. 'गाढवच होता तो,' तिने लिहिलं. मग गंभीर होऊन, 'वाक्य नक्की आठवतंय?'

"आठवतंय गं. तुझ्या गळ्याशपथ."

'मला सांग.'

कुलूपबाई घुटमळली. हे वाक्य कुणाला सांगायचं नसतं. पण ताईपासून लपवून काय झालं होतं ते ती नुकतीच बघत होती. ती वाकली आणि ताईच्या कानात तिने ते सांगितलं. ताईने डोळे मिटून मान हलवली. ते घर तिचंही होतं, तो कवडसा तिनेही बघितला होता.

'टाइप करताना नीट बघितलंस?'

"त्यात काही दिसतच नाही. तीच तर गंमत आहे. आपण टाइप करत जायचं, पडद्यावर काळोख. अक्षर नाही, ठिपका नाही."

ताईचा मार्कर हवेतच थांबला. तिने धाकटीकडे असं बघितलं, जसं ती वर्गातल्या सर्वांत गोड आणि सर्वांत ढ मुलीकडे बघत आली असेल. मग सावकाश लिहिलं, 'मग त्यातले म कुणी भरले?'

कुलूपबाई पाटीकडे बघत राहिली. वाक्य तिच्या मनात तर अखंड होतं; तिची बोटं मेलेल्या कळेवर नेहमीप्रमाणे पडून पुढे गेली होती; आणि भोकं दिसली नव्हती, म्हणून टाके घातले गेले नव्हते. पहिल्यांदाही नाही, दुसऱ्यांदाही नाही, नंतर रोज सकाळी कधीच नाही. तिजोरीला बिचारीला पहिल्यापासून ते फाटकंच वाक्य ठाऊक होतं. आज कुणी धडधाकट वाक्य घेऊन दारात उभं राहिलं तर ती ओळखणार कशी?

"ताई, चप्पल घाल," कुलूपबाई म्हणाली.

सुट्टीमुळे इमारत रिकामी होती. जिन्यावर दोघींच्या पावलांचा आवाज येत होता आणि ताई प्रत्येक वळणावर दम खायला थांबत होती. शस्त्रक्रियेनंतर ती इथे पहिल्यांदाच येत होती. वाचनाच्या खोलीशी आल्यावर ती आत शिरली, नमद्याच्या भिंतीवर तळवा टेकवून उभी राहिली, मायक्रोफोनपुढच्या पायमोज्याला तिने टिचकी मारली. मग खुर्ची ओढून घेऊन ती काचेच्या अलीकडे, कुलूपबाईच्या शेजारी येऊन बसली. या बाजूला ती कधीच बसलेली नव्हती.

कुलूपबाईने काळी खिडकी उघडली आणि टाइप करायला लागली. चूक. "अगं, बोट आपोआप म वर जातंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. आता कळ जिवंत होती, आणि बोटाला तिला ओलांडून जायची सवय नव्हती. ताईने मार्करचं टोपण काढलं, त्या कळेवर उपडं घातलं आणि वरून आपल्या बोटाने हलकेच धरून ठेवलं. कुलूपबाईने पुन्हा सुरुवात केली. जिथे जिथे म होता तिथे तिचं बोट ताईच्या बोटाला जाऊन लागायचं आणि पुढे सरकायचं.

तिजोरी उघडली. एकही शब्द जास्तीचा न बोलता, जशी रोज उघडायची तशीच.

कुलूपबाईचा जीव भांड्यात पडला. किल्ली लावली, तुकड्यांची जागा उघडली. ओळीने सगळे तिथे होते. "हेडफोन देऊ?" तिने विचारलं. ताईने मान हलवली. तिला एकटीने ऐकायचं नव्हतं. कुलूपबाईने टेबलावरचा स्पीकर लावला, डोळे मिटून एका तुकड्यावर बोट ठेवलं आणि पाठीमागे रेलून बसली.

आधी काहीच नाही, नुसती खोलीची शांतता. मग खुर्ची करकरली. एक पान उलटलं. कुणीतरी घसा खाकरला, आणि ताईचा हात एकदम आपल्या गळ्याकडे गेला.

"ए ठमे," स्पीकरमधून ताई म्हणाली, "दार लाव गं ते. बाहेरचा आवाज येतोय."

कुलूपबाई उठली, लगबगीने दाराशी गेली आणि तिने दार लावून घेतलं.

कडीवर हात असतानाच तिला कळलं आपण काय केलं ते. ठमी. लहानपणापासून ताई तिला याच नावाने हाक मारायची; किती वर्षांत कुणी ती मारली नव्हती. पाटीवर नुसता मजकूर असायचा, हाक लिहीत बसायला ताईला वेळ नसे. ती वळली. ताईचे खांदे गदागदा हलत होते, तोंडावर हात दाबलेला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहून गळ्यातल्या पाटीवर पडत होतं. हसतेय की रडतेय ते कुलूपबाईला कळेना, आणि ताईलाही कळत नसावं.

"हं," स्पीकरमधून ताई म्हणाली. "बस आता."

कुलूपबाई येऊन तिच्या शेजारी बसली.